वाचकाचा हिशेब

(कामगार वस्तीतील वाचनालय चालविणाऱ्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



वाचनालयासाठी पुस्तकांची यादी करावयाची झाली की कार्यकर्त्यांच्या बैठकीत एक प्रश्न हटकून निघतो. इतिहास, अर्थशास्त्र, कामगार कायदे यांवरील पुस्तकांबद्दल फारसा वाद होत नाही. वाद होतो तो कथा-कादंबऱ्यांबद्दल. ‘कष्टकऱ्यांना कोणत्या गोष्टी द्याव्यात?’ अशा शब्दांत तो प्रश्न मांडला जातो आणि त्यातील ‘द्याव्यात’ हे क्रियापद सहसा कोणाच्या कानाला खटकत नाही. कथा ही जणू हिवतापावरची गोळी. देणारा तो शहाणा, घेणारा तो रोगी. ज्याने ती कथा दिवसभराच्या कामानंतर, झोपेतला एक तास खर्ची घालून वाचावयाची, त्याच्या लेखी चांगली कथा कोणती, ही चौकशी यादी करणारी समिती क्वचितच करते. आजच्या विवेचनाचा विषय तेवढाच आहे.

आरंभ अगदी घरातून करावयास हरकत नाही. चिमणी-कावळ्याची गोष्ट महाराष्ट्रातील बहुतेक मुलांनी नीट बोलता येण्याआधीच ऐकलेली असते. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. पाऊस येतो, शेणाचे घर वाहून जाते आणि कावळा भिजत भिजत चिमणीच्या दाराशी येतो. चिमणीच्या घरी बाळाचे एकामागून एक काम निघत राहते आणि दार काही उघडत नाही. गोष्ट सांगणाऱ्या आजीच्या मनात काही तात्पर्य असलेच, तर ते घर पक्के बांधावे, आळस करू नये, असे असणार. (मेण महाग आणि शेण फुकट, ही बाब आजीही सांगत नाही; ती ऐकणाऱ्याला पुढे चाळीत राहावयास गेल्यावर सुचते.) पण मूल तात्पर्याची वाट पाहत नाही. त्याचे सारे लक्ष बाहेर भिजणाऱ्या कावळ्याकडे असते. आता तरी दार उघडेल काय, या एका शंकेपायी ते तीच गोष्ट दहादा मागते. तात्पर्य बदलून सांगितले तर ते तक्रार करीत नाही. पण दाराशी कावळ्याने मारलेल्या हाकांपैकी एखादी आजीने गाळली, तर तत्काळ तिला अडविते. कथेतील कोणती गोष्ट आपल्या मालकीची आहे, हे त्या श्रोत्याला पक्के ठाऊक असते.

मराठी समीक्षेने या श्रोत्याची फारशी विचारपूस केलेली नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात ‘कलेसाठी कला की जीवनासाठी कला’ हा वाद येथे मोठ्या हिरिरीने झाला. एका बाजूस ना. सी. फडके होते. कथेची गुंफण कशी करावी, उत्कंठा कशी ताणावी, शेवट कसा साधावा, याचे धडे त्यांनी ‘प्रतिभासाधन’ या १९३१ साली आलेल्या ग्रंथात दिले होते. दुसऱ्या बाजूस वि. स. खांडेकर होते आणि कार्यकर्त्यांची सहानुभूती स्वाभाविकपणेच त्यांच्याकडे गेली. दोघांनाही अमाप वाचकवर्ग लाभला. तथापि वादाचा सारा भर लेखकाने काय करावे यावर होता. वाचक हा निकाल देणारा पक्ष आहे, असे धरून तो वाद चालला नाही. आजही राजकीय कार्यकर्ता कथेची परीक्षा करतो ती बहुधा खांडेकरांच्या बाजूची एक पडछाया घेऊन: कथेतून काय सांगितले आहे आणि ते आपल्या उपयोगाचे आहे काय, एवढेच तो पाहतो.

या कसोटीवर प्रेमचंदांची ‘पूस की रात’ ही कथा घासून पाहावी. ती १९३० सालची आहे. हल्कू हा लहान कुळवाडी. थंडीत शेताची राखण करताना पांघरावयास कांबळे घ्यावे म्हणून त्याने मजुरीतून तीन रुपये साठविलेले आहेत. थकलेले देणे वसूल करण्यासाठी सहना दारात येतो आणि ते तीन रुपये त्याच्या हाती जातात. बायको मुन्नी चिडते. ही शेती सोडून का देत नाही, असे विचारते. शेतात मरमर करावयाची, पिकले की देणे भागवावयाचे आणि पोटासाठी पुन्हा मजुरीच करावयाची, तर नुसती मजुरीच का करू नये, असा तिचा रोकडा सवाल आहे. पौषातल्या रात्री हल्कू एका जुन्या चादरीवर शेतात जातो. सोबतीला जबरा नावाचा कुत्रा. थंडी असह्य होते तेव्हा तो त्या कुत्र्यालाच कुशीत घेतो, मग जवळच्या आमराईतला पाचोळा गोळा करून शेकोटी करतो. मध्यरात्रीनंतर नीलगाई पिकात शिरतात. त्या चरत असल्याचे त्याला ऐकू येते. तो उठतो, दोन-तीन पावले चालतो, वाऱ्याचा एक झोत अंगाला झोंबतो आणि तो परत राखेपाशी येऊन बसतो. कुत्रा भुंकत राहतो. सकाळी पिकाचा चट्टामट्टा झालेला असतो. आता मजुरी करून सारा भरावा लागणार, असे मुन्नी म्हणते तेव्हा ती खिन्न असते. हल्कू मात्र प्रसन्न दिसतो. रात्री येथे थंडीत झोपावे लागणार नाही, एवढे तरी झाले, असे त्याला वाटते.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या कथेत बरेच काही सापडते. देणे रोख रकमेत ठरलेले आणि उत्पन्न मात्र पिकावर व बाजारभावावर अवलंबून, अशा शेतकऱ्याची कोंडी तीत आहे. कथा आली त्याच सुमारास जागतिक मंदीची झळ लागू लागली होती आणि पुढच्या दोन-तीन वर्षांत हिंदुस्थानातील शेतमालाचे भाव जवळजवळ निम्म्यावर आले. सारा आणि कर्जाचे आकडे जागच्या जागी राहिले. म्हणजे तेच देणे फेडण्यास जवळजवळ दुप्पट धान्य विकावे लागू लागले. कुळाचे शेतमजुरात रूपांतर होण्याची प्रक्रिया समजावून सांगण्यास यापेक्षा बोलके उदाहरण शोधावे लागेल.

पण वाचकाला ही कथा चांगली वाटते ती या कारणाने नव्हे. ती त्याच्या मनात रुतते ती हल्कूच्या त्या प्रसन्न चेहऱ्यामुळे. हेच कथानक घेऊन एखाद्या प्रचारकाने लिहिले असते तर शेवटी हल्कू रडला असता, किंवा मूठ आवळून उठला असता. दोन्ही शेवट सद्हेतूचे ठरले असते आणि दोन्ही विसरले गेले असते. प्रेमचंदांनी त्याला बरे वाटू दिले. शेती सोडण्याचा सल्ला देणारी मुन्नी अखेरीस हळहळते आणि ती शेती उराशी धरून बसलेला हल्कू सुटकेचा श्वास टाकतो, ही अदलाबदल कोणत्याही सिद्धांतातून निघत नाही. ती त्या रात्रीच्या थंडीतून निघते. ज्याने कधी उघड्यावर रात्र काढली आहे तो वाचक हल्कूला आळशी म्हणत नाही. तो त्या दोन-तीन पावलांचा हिशेब करतो आणि तो हिशेब बरोबर आहे, असे त्याला कळते. कथेतील माणूस जे करतो त्याची किंमत त्याने मोजलेली आहे की नाही, आणि लेखकाने ती रक्कम कमी-जास्त करून मांडलेली नाही ना, हे वाचक तपासीत असतो. हा शब्द तो वापरीत नसेल. ‘पटली’ किंवा ‘नाही पटली’ एवढेच म्हणेल. पण दुकानदाराच्या वहीतले आकडे ज्या चिकित्सेने पाहिले जातात, त्याच चिकित्सेने तो कथाही पाहतो.

अण्णाभाऊ साठे यांची ‘स्मशानातलं सोनं’ घ्या. भीमा हा गावाकडून बायको-मुलीला घेऊन मुंबईच्या उपनगरात आलेला धिप्पाड गडी. त्याला दगडाच्या खाणीत काम मिळते आणि काही महिन्यांनी खाण बंद पडते. काम नसलेल्या दिवसांत स्मशानातील राखेत त्याला सोने सापडते आणि तो राख चाळू लागतो. पुढे प्रेते उकरण्यापर्यंत त्याची मजल जाते. एका रात्री कोल्ह्यांशी झुंजून तो एका प्रेताच्या तोंडातले सोने काढावयास जातो आणि त्याची बोटे प्रेताच्या जबड्यात अडकतात. दोन बोटे कापावी लागतात. आणि त्याच दिवशी बंद पडलेली खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. तो डोंगरासारखा माणूस लहान मुलासारखा रडतो.

तंत्राचा कोणी भोक्ता म्हणेल, हा योगायोग जरा जास्तच जुळून आला. रोजंदारीवरचा वाचक तसे सहसा म्हणत नाही. श्रम हा साठवून ठेवता न येणारा माल आहे, न विकलेला आजचा दिवस उद्या विकता येत नाही, असे अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्गात शिकविले जाते. ते वाक्य तेवढ्यावरच थांबते. बेकारीच्या दिवसांत माणूस जगण्यासाठी जे काही करतो त्यात त्याची काम करण्याची शक्तीच खर्च होऊन जाते, आणि काम परत येते तेव्हा ते करण्यास लागणारा हात उरलेला नसतो, ही गोष्ट अण्णाभाऊंनी दोन बोटांत सांगितली. औपचारिक शिक्षण जवळजवळ न लाभलेल्या, मुंबईत मोलमजुरी आणि गिरणीकाम केलेल्या लेखकाने ती लिहिली आहे. त्यात बेकारीवर भाष्य नाही. प्रेते उकरणारा माणूस वाचकाला आवडावा म्हणून त्याचे उदात्तीकरणही नाही. उलट भीमाच्या कृत्याची किळस यावी इतके ते दृश्य स्पष्ट आहे. वाचकाला किळस येते आणि तरीही तो भीमाची बाजू सोडीत नाही, कारण राखेतली पहिली अंगठी ते शेवटचा जबडा या वाटेवरचे एकही पाऊल लेखकाने गाळलेले नाही.

येथे एक अडचणीची बाब टाळून चालणार नाही. ज्या कामगार वस्त्यांत अण्णाभाऊ वाचले गेले, त्याच वस्त्यांत बाबूराव अर्नाळकरही वाचले गेले. अर्नाळकरांनी हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिल्या; झुंजार आणि काळापहाड यांची नावे घरोघर गेली. पुरोगामी मंडळींनी या वाचनाकडे नाके मुरडली. ती मुरडण्याचे कारण नव्हते. पाळी संपवून आलेल्या माणसाला पहिल्या पानावर खून, शेवटच्या पानावर खुनी आणि मध्ये एकही कंटाळवाणे पान नाही, एवढा करार अर्नाळकर करीत आणि तो पाळीत. अनेक विचारप्रवर्तक कथालेखकांनी वाचकाशी केलेला करार इतक्या प्रामाणिकपणे पाळलेला नाही. ‘पुढे काय झाले?’ ही उत्सुकता म्हणजे अडाणीपणा, असे मानणाऱ्या लेखकाला वाचक पहिल्याच पानावर सोडून जातो, आणि त्यात चूक वाचकाची नसते. फरक एवढाच की रहस्यकथेतील खुनाची किंमत कोणालाच मोजावी लागत नाही. प्रेत पडते, सुगावा लागतो, पुस्तक परत केले जाते. त्यात काही वाईट नाही. वाचनालयाच्या कपाटात त्यांनाही जागा असावी.

आता प्रचारकथेकडे वळावे. तिचा आराखडा परिचित आहे. पहिल्या भागात जुलूम, दुसऱ्या भागात बाहेरून आलेला समजूतदार कार्यकर्ता, तिसऱ्या भागात मोर्चा आणि अखेरीस तांबडे फुटणे. अशा कथा चळवळीच्या नियतकालिकांतून शेकड्यांनी आल्या. त्या लिहिणाऱ्यांच्या तळमळीविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण वाचकाला तिसऱ्या परिच्छेदातच शेवट ठाऊक झालेला असतो, आणि त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे त्याला वस्तुस्थितीही ठाऊक असते. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. त्याचा विजय कधीच जाहीर झाला नाही आणि रीतसर शेवटही झाला नाही. हजारो कामगारांना पुन्हा कामावर घेतलेच गेले नाही. त्या घरांत वाढलेल्या वाचकापुढे शेवटच्या पानावर हमखास जिंकणारा संप ठेवला, तर तो पुस्तक मिटतो. आपल्या घरातली वही या लेखकाने पाहिलेली नाही, असा त्याचा निष्कर्ष असतो. हीच हकीकत जयंत पवारांनी ‘अधांतर’ या १९९७ साली आलेल्या नाटकात घराच्या आत नेली. संपाची मागणी योग्य होती की नव्हती, याचा निवाडा तेथे होत नाही. एका गिरणी कामगाराच्या घरातील मुलांचे पुढे काय काय झाले, तेवढे दिसते. लालबाग-परळच्या प्रेक्षकांनी ते आपले मानले. संपावरील अहवालांत बुडालेल्या मनुष्यदिवसांची गणती असते आणि ती आवश्यकही आहे. परंतु त्या दिवसांत एकाच खोलीत बसून राहिलेल्या चार तरण्या माणसांचे एकमेकांशी बोलणे कसे बदलत जाते, याचा रकाना अहवालात नसतो.

एवढ्यावर विषय संपता तर बरे झाले असते. पण वाचक हा एकच नाही आणि सगळ्यांची वही सारखी नाही. प्रेमचंदांच्याच ‘कफन’वरून हे दिसते. ही कथा १९३६ साली हिंदीत आली. त्याच वर्षी लखनौ येथे प्रगतिशील लेखक संघाच्या पहिल्या अधिवेशनाचे अध्यक्षपद प्रेमचंदांनी भूषविले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात ते वारले. घीसू आणि माधव हे बाप-लेक थंडीच्या रात्री झोपडीबाहेर चोरून आणलेले बटाटे भाजून खात बसले आहेत. आत माधवची बायको बुधिया बाळंतवेणांनी तळमळते आहे. आत जाऊन पाहावे तर दुसरा जास्त बटाटे फस्त करील, या भीतीने दोघांपैकी कोणीच उठत नाही. ती मरते. कफनासाठी जमविलेले पाच रुपये दोघे गुत्त्यात उडवितात. रात्रंदिवस राबणाऱ्यांची अवस्थाही यांच्याहून फारशी बरी नसेल तर अशी वृत्ती निपजण्यात नवल नाही, असे लेखक मध्येच सुचवितो. पिढ्यान्‌पिढ्या समीक्षकांनी ही कथा श्रेष्ठ मानली. श्रमाचा मोबदलाच मिळत नसेल तर श्रमावरची श्रद्धा कशी टिकेल, हा तिचा आर्थिक आशय निर्विवाद आहे.

परंतु या दोघांची जात प्रेमचंदांनी कथेत सांगितली आहे, आणि त्या जातीच्या वाचकाने कथा हाती घेतली तेव्हा त्याने वेगळा प्रश्न केला. हिंदीतील दलित लेखक-समीक्षकांनी ‘कफन’वर कठोर आक्षेप घेतले. २००४ साली तर दिल्लीत प्रेमचंदांच्या ‘रंगभूमि’च्या प्रती जाळण्यापर्यंत गोष्ट गेली. पुस्तके जाळणे हे कोणत्याही लोकशाहीवाद्याला मान्य होणार नाही. मात्र जाळणाऱ्यांचा निषेध करून मूळ शंका फेटाळता येत नाही. ती शंका कलेची किंवा निष्ठेची नसून हिशेबाचीच आहे. ज्या वस्तीत माणसे भिंतीला भिंत लावून राहतात, तेथे बाळंतपणात अडलेल्या बाईच्या किंकाळ्या रात्रभर ऐकून शेजारची एकही बाई धावत येत नाही? मेल्यावर मात्र शेजारी जमतात? वस्तीत वाढलेल्या वाचकाला ही बेरीज चुकलेली दिसते. सहानुभूतीने बाहेरून वाचणाऱ्याला ती दिसत नाही, कारण त्या ओळी तपासण्याचे साधनच त्याच्यापाशी नसते. ‘पूस की रात’मध्ये तीन रुपयांचा पै-पैचा हिशेब ठेवणाऱ्या थोर लेखकाकडून येथे एक रक्कम मांडावयाची राहून गेली असेल, हे मान्य केल्याने प्रेमचंद लहान होत नाहीत.

बाबूराव बागुलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा संग्रह १९६३ साली आला तेव्हा मराठीत असाच एक वाचक लेखक होऊन पुढे आला. शीर्षककथेतील तरुणाला रेल्वेत नोकरी मिळाली आहे. परगावी राहावयास खोली मिळावी म्हणून तो जात लपवितो आणि ती उघड होताच मार खातो. कथा सांगून झाली तर एवढीच. पण चोरी कसली, तर जातीची. आणि ती का करावी लागली, तर डोक्यावर छप्पर हवे म्हणून. परिचयाचा साधा प्रश्नही या तरुणाला धोक्याचा वाटतो. जात न लपविता राहावयास मिळाले असते तर कथाच घडली नसती. ज्याने घर शोधताना आडनावावरून ताटकळत उभे राहण्याचा अनुभव घेतला आहे, त्याला यातील प्रत्येक वाक्याची किंमत ठाऊक असते. तो अनुभव नसलेला वाचकही कथा सोडीत नाही. पण त्याला अधूनमधून थांबावे लागते, आपल्या वहीत हा रकानाच नव्हता असे त्याच्या ध्यानात येते. समाजवादी कार्यकर्त्यांपैकी पुष्कळांनी वर्गाचा रकाना मोठा आखला आणि जातीचा अरुंद ठेवला होता. तो रुंद करण्याचे काम ठरावांइतकेच अशा कथांनीही केले आहे.

तेव्हा यादीचा प्रश्न उरतो. वाचनालयाच्या खरेदीची रक्कम तुटपुंजी असते आणि ती जपून खर्च व्हावी, ही समितीची काळजी रास्त आहे. पण समितीच्या यादीतली किती पुस्तके कोऱ्या करकरीत कडांनी कपाटात उभी आहेत, आणि कोणत्या पुस्तकांची शिवण उसवून पाने गळू लागली आहेत, हे एकदा कपाटापाशी उभे राहून पाहण्यास पैसा लागत नाही. शिवण उसवलेल्या पुस्तकांत अर्नाळकर निघतील, अण्णाभाऊ निघतील, बागुलही निघतील. निम्मी रक्कम समितीने आपल्या मतीने खर्च करावी आणि निम्मी वाचकांच्या मागणीवर सोडावी. त्यासाठी दारापाशी एक वही आणि दोरीला बांधलेली पेन्सिल ठेवावी. वहीत पुस्तकाच्या नावापुढे ‘पटले’ अथवा ‘पटले नाही’ आणि का, एवढे लिहावयास जागा असावी. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्यासाठी आठवड्यातून एकदा एक कथा मोठ्याने वाचली जावी. वाचून झाल्यावर कार्यकर्त्याने भाषण करू नये आणि ऐकणारी मंडळी काय बोलतात ते त्याने त्याच वहीत उतरवून घ्यावे. पहिल्या बैठकीस ‘स्मशानातलं सोनं’ घ्यावयास हरकत नाही.